फ्लोरा फाउंटन (हुतात्मा चौक)

फ्लोरा फाउंटन : मुंबईच्या कोट विभागातील इतिहासप्रसिद्ध कारंजे. त्याच्या शिरोभागी फ्लोरा या रोमन पुष्पदेवतेचा पुतळा असून त्यावरून हे नाव पडले. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर (कार. १८६२–६७) यांच्या कारकीर्दीत किल्ल्याची तटबंदी पाडण्यात आली. तटाचा चर्चगेट हा दरवाजा होता त्या ठिकाणी कारंजे उभे राहिले. त्याच्या उभारणीचे वर्ष सामान्यतः १८६४ असे दिले जाते. पश्चिम भारतातील कृषि-उद्यान संस्थेने त्याची योजना केली व कर्सेटजी फर्दुनजी पारेख यांनी मोठी देणगी दिली. भायखळ्याच्या व्हिक्टोरिया उद्यानात (सांप्रतचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान) ते बसवून फ्रिअर यांचे नाव देण्याचा मूळ विचार होता. तथापि स्थळ व नाव दोन्ही बदलली. आराखडा रिचर्ड नॉर्मन शॉ यांचा, तर मूर्तिकाम जेम्स फोर्साइथ यांचे आहे. त्यासाठी पोर्टलंड दगड इंग्लंडहून आणला.

या चौकाचे महत्त्व संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाने पालटले. मराठी प्रदेशाच्या एकीकरणात मुंबईइतकाच वऱ्हाडचा प्रश्नही अवघड होता. शंकरराव देव, ब्रिजलाल बियाणी प्रभृतींनी ८ ऑगस्ट १९४७ रोजी केलेल्या अकोला करारात पश्चिम महाराष्ट्र व महाविदर्भ असे दोन उपप्रांत कल्पिले होते. १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भास आश्वासने दिली. राज्यपुनर्रचना आयोगाने मात्र १९५५ मध्ये अमरावती-अकोल्यासह विदर्भाचे वेगळे राज्य व उर्वरित भागासाठी द्वैभाषिक मुंबई राज्य सुचविले. त्यानंतर पुढे आलेल्या त्रिराज्य योजनेत मुंबई शहर महाराष्ट्रापासून अलग ठेवले होते. तिच्या निषेधार्थ २१ नोव्हेंबर १९५५ रोजी विधानसभेकडे निघालेल्या जमावावर कारंज्याजवळ पोलिसांनी गोळीबार केला. त्यात १५ जण मृत्युमुखी पडले. संपूर्ण आंदोलनातील हुतात्म्यांची संख्या प्रथम १०५ मानली जाई. पुढील नोंदींत ती १०६ वा १०७ आढळते.

१ मे १९६० रोजी विदर्भासह महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. चौकास हुतात्मा चौक हे नाव मिळाले व मशाल धरलेल्या शेतकरी-कामगाराचे स्मारक तेथे उभारण्यात आले. कारंज्याच्या जीर्णोद्धाराचे काम चालू असताना परिसरात जुन्या ट्रामचे रूळ सापडले. जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा वाहते झाले. वसाहतकालीन नागरी वैभव व लोकलढा यांची स्मारके येथे शेजारी शेजारी उभी आहेत. जुने नाव लोकांच्या तोंडी टिकले असले, तरी चौकाचे ऐतिहासिक स्थान हुतात्म्यांमुळेच निश्चित झाले आहे.