हैदराबाद संस्थानातील मित्रसैन्यांचे गणवेश : एक तुलनात्मक अभ्यास
(हिंगोली छावणीच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :
सेनगाव तालुका ज्या हिंगोली जिल्ह्यात मोडतो, त्या जिल्ह्याचे मुख्य ठिकाण 1903 पर्यंत हैदराबाद कंटिन्जंट या फौजेची छावणी होते. निजाम व इंग्रज हे मित्र होते. परंतु त्या मैत्रीत अधिकार कोणाचा होता, हे तहनाम्यांइतकेच सैनिकांच्या अंगावरील कपड्यांवरूनही समजते. प्रस्तुत निबंधात याच दृष्टीने संस्थानातील तीन फौजांच्या गणवेशांची तुलना केली आहे.

तीन फौजा, तीन वेश :
पहिली फौज तैनाती होय. 1798 व 1800 च्या तहांनुसार ती सिकंदराबाद येथे राहिली. ती कंपनीच्या मद्रास सैन्याचा भाग असल्याने तिचे पायदळ लाल कोटात असे.

दुसरी फौज निजामाची स्वतःची. तिच्यातील अरब, रोहिले, शीख इत्यादी अनियमित पथके आपापल्या वेशात व आपापल्या शस्त्रांनिशी चाकरी करीत. तेथे जमातीची व जमादाराची ओळख महत्त्वाची असल्याने एकसारख्या गणवेशाची गरज भासत नसे.

तिसरी फौज या दोहोंच्या मधली. रेसिडेंट हेन्री रसेल याने 1813 च्या सुमारास उभारलेल्या ब्रिगेडीतून कंटिन्जंटचा विकास झाला. पगार निजामाचा, अधिकारी इंग्रज आणि पेहराव कंपनीच्या शिपायासारखा, अशी तिची रचना होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिच्या पायदळाचा कोट लाल असून कॉलर व बाह्यांवर गडद हिरवा रंग असे. घोडदळाचा कोट गडद हिरवा व त्यावर पांढरा रंग असे. निजामाच्या पैशावर पोसलेला सैनिक अशा रीतीने निजामाच्या अन्य सैनिकांपेक्षा इंग्रजी सैनिकासारखा अधिक दिसे.

गणवेशामागील अर्थकारण :
कंटिन्जंटचा पगार थकल्यामुळे निजाम कर्जबाजारी झाला. 1853 च्या तहाने वऱ्हाड, धाराशिव व रायचूर दुआब हे प्रदेश खर्चासाठी इंग्रजांकडे गेले. किमान 5,000 पायदळ व 2,000 घोडदळ ठेवण्याचे ठरले. मात्र ही फौज निजामाच्या सैन्याचा भाग राहिली नाही. 1860 मध्ये धाराशिव व रायचूर परत मिळाले, वऱ्हाड मिळाले नाही. म्हणजेच या कोटांची किंमत वऱ्हाड-मराठवाड्यातील रयतेच्या शेतसाऱ्यातून दिली गेली. हीच फौज 1858 मध्ये सर ह्यू रोजच्या मध्य भारतातील मोहिमेत झाशीच्या राणीच्या पक्षाविरुद्ध लढली.

भेद मावळला :
1902 च्या करारान्वये वऱ्हाड वार्षिक 25 लाख रुपयांवर कायमच्या भाडेपट्ट्याने इंग्रजांकडे गेले व 1903 मध्ये कंटिन्जंट भारतीय सैन्यात विलीन झाले. पहिल्या महायुद्धात तिची उत्तराधिकारी डेक्कन हॉर्स 1916 मध्ये फ्रान्समधील सोमच्या रणांगणावर लढली, तर निजामाचे लान्सर्स पॅलेस्टाईनच्या आघाडीवर होते. रणभूमीवर दोघांचाही वेश खाकीच होता.

निष्कर्ष :
तैनाती फौजेचा लाल कोट उघड परकी होता. निजामाच्या पथकांचा विविध वेश देशी होता. कंटिन्जंटचा गणवेश मात्र खर्च एकाचा व हुकूम दुसऱ्याचा, या विषम मैत्रीचे चिन्ह ठरला. 1922 मध्ये तिच्या पायदळातून बनलेली हैदराबाद रेजिमेंट 1945 मध्ये कुमाऊँ रेजिमेंट झाली आणि नावातूनही दख्खन गेले. म्हणून हिंगोली छावणीचा अभ्यास करताना वास्तूंबरोबर गणवेश हेही इतिहासाचे साधन मानणे आवश्यक आहे.