आधी खराटा, मग झोळी

दानासाठी दूर चालायचे तर सराव हवा. आज आपण तो किलोमीटरांत मोजतो. वऱ्हाडातील एका पदयात्रिकाचा सराव मात्र शेतात झाला. शेंडगावी (जि. अमरावती) 1876 मध्ये जन्मलेले डेबूजी जानोरकर अकोल्याकडच्या मूर्तिजापूर तालुक्यातील दापुऱ्यास, आजोळी वाढले. गुरे राखणे, नांगर धरणे हीच त्यांच्या पायांची तालीम. 1905 मध्ये त्यांनी घर सोडले आणि पुढे ते गाडगेबाबा झाले.

चरित्रकार त्यांच्या वैराग्यात रमतात. आम्हांस अधिक मोलाचा वाटतो तो त्यांच्या कामाचा क्रम. गावात शिरताच बाबा खराटा घेत. पाहतापाहता गावकरीही झाडू लागत. रात्री कीर्तन, आणि मागणे त्यानंतरचे. देणाऱ्यास आधी श्रमात ओढायचे, हाच त्यांचा सामूहिक सराव.

या पायपिटीतून पूर्णाकाठी ऋणमोचनचा घाट झाला. पंढरपुरात अन्यत्र दार बंद असलेल्या अस्पृश्य वारकऱ्यांसाठी चोखामेळा धर्मशाळा उभी राहिली; 1949 मध्ये बाबांनी ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली.

20 डिसेंबर 1956 रोजी वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलापाशी, वाटेतच त्यांचा देह पडला.