कोयत्याची मोजदाद

स्त्रीपुरुषसमता तत्त्वतः नाकारणारा सुशिक्षित आज विरळाच. परंतु ती हिशेबांत कशी उतरते, हें पाहण्यासाठीं आम्ही वाचकांस बीड जिल्ह्यांतील परळी तालुक्यांत, सिरसाळ्याच्या बाजूस, नेऊं इच्छितों. दिवाळीच्या सुमारास या भागांतील कितीतरी कुटुंबें ऊसतोडीस घर सोडतात. या धंद्यांत पतिपत्नी मिळून 'एक कोयता' धरला जातो. मुकादमाची उचल बहुधा पुरुषाच्या हातीं पडते. स्त्री मोळ्या बांधते, वाहते, पण तिच्या नांवाचा निराळा आंकडा नाहीं.

मोजदादीची दुसरी बाजू याहून कठोर आहे. २०११ च्या जनगणनेंत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागें बीड जिल्ह्यांत अवघ्या ८०७ मुली भरल्या.

उपाय झाले नाहींत असें नाहीं. १९७५ सालीं, आंतरराष्ट्रीय महिला वर्षांत, महिला आर्थिक विकास महामंडळ स्थापन झालें. १९९४ सालीं महाराष्ट्राचें महिला धोरण निघालें. २००७ पासून 'तेजस्विनी' कार्यक्रमानें बचत गटांस बळ दिलें. यांतील मर्म, आमच्या मतें, पैशांत नसून वहींत आहे. गटाच्या वहींत प्रत्येकीचें नांव, बचत व कर्ज स्वतंत्र. मुकादमाकडे जी अर्धा कोयता, ती येथें पुरी एक.

मात्र ती पांचसहा महिने फडावर गेली कीं बैठक चुकते, हप्ता थकतो आणि योजना अडखळते. म्हणून योजना चालविणारांनीं वही घेऊन फडापर्यंत गेलें पाहिजे. स्त्रीनें गांवीं परतण्याची वाट पाहणारी समता अर्धाच कोयता होय.