ताबा, निवास, घर : भांडवली नफ्यावरील कराच्या इतिहासातील तीन शब्द

एखादा गृहस्थ घर बांधतो, त्यात काही वर्षे राहतो, पुढे बदली, निवृत्ती अथवा मुलांचे शिक्षण यांमुळे अन्यत्र जातो आणि ते घर भाड्याने देतो. कालांतराने तो ते विकतो. अशा विक्रीत होणाऱ्या नफ्यावर कर किती, आणि तो ठरविताना त्या घरास 'राहते घर' समजावे की 'भाड्याचे घर', हा प्रश्न वरवर हिशेबाचा दिसतो. परंतु भारतीय आयकर कायद्याचा इतिहास पाहिला असता या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक कालखंडात एखाद्या शब्दाच्या आधारे दिले गेले असे आढळते. त्या शब्दांचा क्रम लावणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१

आपल्याकडे भांडवली नफ्यावर स्वतंत्र कर प्रथम बसला तो १९४७ साली. हंगामी सरकारचे अर्थमंत्री लियाकत अली खान यांच्या अंदाजपत्रकातील ही तरतूद १९२२ च्या आयकर कायद्यात '१२-ब' या नव्या कलमाच्या रूपाने आली. ३१ मार्च १९४६ नंतरच्या व्यवहारांना ती लागू होती व पंधरा हजार रुपयांपर्यंतचा नफा करमुक्त होता. घराच्या बाबतीत तिने एक उदार अपवाद केला. करदात्याच्या अथवा त्याच्या आईवडिलांच्या ताब्यात जे घर किमान सात वर्षे आहे, त्याच्या विक्रीवर हा कर नाही. येथे निर्णायक शब्द 'ताबा' हा होय. घरात मालक राहत होता की भाडेकरू, याची चौकशी कायद्याने केली नाही. जुनी मालमत्ता आणि सट्ट्यासाठी घेतलेली मालमत्ता यांतील भेद काळाच्या मापाने करावयाचा, हे त्यामागील तत्त्व असावे.

हा कर अल्पायुषी ठरला. १९४९ साली जॉन मथाई अर्थमंत्री असताना तो रद्द झाला, आणि १ एप्रिल १९४८ पासूनच्या व्यवहारांवर त्याची छाया उरली नाही.

२

केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ निकोलस कॅल्डॉर यांनी भारतीय करपद्धतीच्या सुधारणेविषयीचा आपला अहवाल १९५६ साली सादर केला. चिंतामणराव देशमुख त्या वेळी अर्थमंत्री होते. मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी त्याच वर्षी राजीनामा दिल्यामुळे अहवालाची अंमलबजावणी त्यांचे उत्तराधिकारी टी. टी. कृष्णम्माचारी यांच्याकडे गेली. भांडवली नफ्यावरील कराचे पुनरुज्जीवन हा तिचा एक भाग होय.

या दुसऱ्या अवतारात घराविषयीची सवलत बदलली. पुढे १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ५४ मध्ये तिचे जे रूप स्थिर झाले ते असे : विक्रीपूर्वीच्या लगतच्या दोन वर्षांत ते घर मुख्यतः करदात्याच्या स्वतःच्या अथवा त्याच्या आईवडिलांच्या निवासासाठी वापरले जात असले पाहिजे; आणि विक्रीच्या आधी वा नंतर एक वर्षाच्या आत त्याने स्वतःच्या निवासासाठी दुसरे घर विकत घेतले पाहिजे, अथवा दोन वर्षांत बांधले पाहिजे. 'ताबा' या शब्दाची जागा 'निवास' या शब्दाने घेतली.

मूळ इंग्रजी पाठातील क्रियापद सातत्यदर्शक भूतकाळाचे आहे, ही गोष्ट अभ्यासकाने लक्षात घ्यावी. 'वापरले होते' असे न म्हणता 'वापरले जात होते' असे कायदा म्हणतो. वीस वर्षे राहून तीन वर्षांपूर्वी भाड्याने दिलेले घर या व्याकरणात बसत नव्हते. दोनच वर्षांपूर्वी घेऊन राहू लागलेल्याचे घर मात्र बसत होते. पुण्यातील घर भाड्याने देऊन नागपुरास बदलीवर गेलेल्या नोकरदाराची आई जर त्या घरात मागे राहिली असेल, तर सवलत मिळण्याचा संभव होता. कायद्याने आईवडिलांचा उल्लेख केला. भावंडांचा केला नाही.

मुंबई इलाख्यात या अटीस आणखी एका कायद्याची धार होती. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडे सामान्यतः सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधले आणि भाडेकरूस संरक्षण दिले. १९७३ च्या दुरुस्तीने, त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीस जागेच्या ताब्यात असलेल्या परवानाधारकांनाही भाडेकरूचा दर्जा दिला. परिणामी एकदा दुसऱ्याच्या हाती गेलेले घर परत राहते करणे मालकास दुष्कर झाले. एक कायदा त्यास घरात परतू देत नव्हता; दुसरा, तो परतला नाही म्हणून सवलत नाकारीत होता. दोन्ही कायद्यांचे हेतू आपापल्या जागी समर्थनीय होते. परंतु त्यांच्या संधीवर सापडलेल्या मध्यमवर्गीय मालकाची दखल कोणीच घेतली नाही.

३

१९८२ च्या वित्त अधिनियमाने १ एप्रिल १९८३ पासून पूर्वनिवासाची ही अट काढून टाकली. आता विकलेली वास्तू 'निवासी घर' असली आणि तिचे उत्पन्न गृहसंपत्तीच्या सदरात करपात्र असले की पुरे. त्यात मालक राहिला की भाडेकरू, हा प्रश्न संपला. तिसरा शब्द अशा रीतीने 'घर' हा ठरला. निवासीपण हा मालकाच्या आचरणाचा गुण न राहता वास्तूचा गुण झाला.

इतर देशांनी निराळी वाट धरली. ब्रिटनमध्ये मालकीच्या एकूण काळापैकी जितका काळ मालक घरात राहिला तितक्या प्रमाणात नफा करमुक्त होतो. शेवटचे नऊ महिने राहण्यातच धरले जातात. अमेरिकेत १९९७ पासून, विक्रीपूर्वीच्या पाच वर्षांपैकी दोन वर्षे राहिल्यास ठराविक मर्यादेपर्यंत सवलत मिळते. आपल्याकडे असे वाटे पाडले जात नाहीत. राहण्याची वर्षे व भाड्याची वर्षे एकत्रच मोजली जातात, आणि गृहसंपत्तीच्या सदरात घसाऱ्याची वजावट नसल्यामुळे भाड्याच्या वर्षांनी घराची मूळ किंमतही कमी होत नाही.

हिशेबाचे आजचे रूप उदाहरणाने स्पष्ट होईल. २००१-०२ मध्ये १० लाख रुपयांस घेतलेले घर काही वर्षे राहून भाड्याने दिले व २०२४-२५ मध्ये, २३ जुलै २०२४ नंतर, ६० लाखांस विकले असे समजू. महागाईचा निर्देशांक त्या दोन वर्षी अनुक्रमे १०० व ३६३. निर्देशांकित खर्च ३६.३० लाख, नफा २३.७० लाख, आणि २० टक्के दराने कर ४.७४ लाख. निर्देशांक न लावता नफा ५० लाख व १२.५ टक्के दराने कर ६.२५ लाख. २०२४ च्या बदलानुसार, त्या तारखेपूर्वी घेतलेल्या घरावर निवासी व्यक्तीस यांपैकी कमी रक्कम भरावी लागते. तेच घर १ कोटी २० लाखांस विकले असते तर हेच आकडे १६.७४ लाख व १३.७५ लाख असे उलटले असते. (अधिभार व उपकर येथे धरलेले नाहीत.) नफा दुसऱ्या घरात गुंतविल्यास कलम ५४ ची सवलत यापुढे येते. खरेदीस विक्रीपूर्वीचे एक किंवा नंतरची दोन वर्षे व बांधकामास तीन वर्षे अशी तिची मुदत असून २०२३ च्या वित्त अधिनियमाने तिला दहा कोटींची मर्यादा घातली आहे.

४

मराठीतील 'राहते घर' ही रचना या संदर्भात लक्षणीय आहे. 'वाहता रस्ता' या प्रयोगात वाहणारा रस्ता नसतो. तद्वतच येथे राहणारे माणूस असते, पण धातुसाधित विशेषण चिकटते ते घरास. बोलीने राहण्याची क्रिया वास्तूच्या अंगी फार पूर्वीच लावली होती. कायदा ताब्याकडून निवासाकडे आणि निवासाकडून घराकडे येण्यास पस्तीस वर्षे लागली. तथापि बोलीतील 'राहते' हे पद माणूस निघून गेल्यावर गळून पडते. कायद्यातील 'निवासी' हे पद मात्र टिकून राहते. १९६१ च्या कायद्याच्या जागी आलेला २०२५ चा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ ही अंमलाची तारीख धरतो. त्याच्या भाषेचा अभ्यास करणाऱ्याने कलमांच्या क्रमांकांबरोबर त्यांतील क्रियापदांचे काळही तपासावेत. एखाद्या कुटुंबाच्या आयुष्यभराच्या संचिताचा किती भाग सरकारजमा व्हावा, हे या देशात एकवीस वर्षांहून अधिक काळ एका क्रियापदाच्या काळावर अवलंबून होते.