फिरंगीचे पाते, फरीगदगा आणि सेबर : मालवण किनाऱ्यावरून तलवारीच्या खेळाकडे पाहताना (थ्रेड)

१८७५-७६ साली इंग्लंडचा युवराज, म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड, हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला. कोल्हापूरच्या गादीवर तेव्हा चौथे शिवाजी महाराज होते. वय अवघे बारा. त्यांच्याकडून युवराजाला जी नजर झाली तीत एक तलवार होती. थोरल्या शिवाजी महाराजांच्या वापरातली म्हणून जपलेली ही तलवार 'जगदंबा' या नावाने ओळखली जाते. आज ती ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहे.

ती परत यावी म्हणून होणाऱ्या मागण्या सर्वांना ठाऊक आहेत. तिच्या पात्याविषयी मात्र फारसे बोलले जात नाही. हे पाते सरळ आहे, सतराव्या शतकातले आहे आणि युरोपात घडलेले आहे. त्यावर 'आय-एच-एस' ही अक्षरे उमटवलेली आहेत. येशूच्या नावाची ती संक्षिप्त ख्रिस्ती खूण. मूठ हिंदुस्थानी, पाते परमुलखाचे.

यात नवल काही नाही. अशा तलवारीला मराठीत नावच 'फिरंग' असे आहे. ज्या शब्दाने पोर्तुगीज ओळखले गेले त्याच शब्दाने त्यांच्या गलबतांतून उतरलेले पाते ओळखले गेले. १५१० पासून गोवा पोर्तुगीजांकडे होता आणि १६३७ मध्ये डचांनी वेंगुर्ल्याला वखार घातली. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली, त्या काळी दक्षिण कोकणच्या बंदरांत युरोपीय पाते ही अपूर्वाईची वस्तू उरली नव्हती. सावंतांकडून शिवाजी महाराजांकडे एक उत्तम फिरंग आली, ही परंपराही याच मुलखातली.

आता प्रश्न असा की पाते एकच असताना युरोपात त्याचा 'फेन्सिंग' नावाचा खेळ झाला आणि इथे पट्टा फिरला, हे कसे?

युरोपात सोळाव्या-सतराव्या शतकांत तलवार हळूहळू कापण्याचे हत्यार न राहता भोसकण्याचे झाली. शहरी माणसे चिलखत घालत नव्हती, भांडणे दोघांत होत, आणि टोकाने केलेला वार धारेच्या वारापेक्षा लवकर पोहोचतो. सरावासाठी टोकाला बोंड बसवलेले लवचीक पाते आले. त्यातून आजचे 'फॉइल' निघाले. तरी डोळ्यांचे भय होतेच. तारेच्या जाळीचा मुखवटा अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाला. त्याआधीच्या वस्तादांनी दुसरा उपाय काढला होता : समोरच्याने आधी हल्ला सुरू केला असेल, तर प्रथम तो अडवायचा आणि मगच आपला वार करायचा. दोघांनी एकदम टोके पुढे केली तर दोघांचेही डोळे जायचे! फॉइल आणि सेबर या प्रकारांत आजही गुण द्यायचा तो याच नियमाने. मुखवटा येऊन अडीचशे वर्षे झाली, पण मुखवट्याच्या अभावी झालेला नियम टिकून आहे.

इकडे त्याच पात्याला निराळी मूठ मिळाली आणि सगळे शरीरशास्त्रच बदलले. दांडपट्ट्यात हात कोपरापर्यंत लोखंडी खोबणीत जातो आणि आतला आडवा दांडा मुठीत धरायचा असतो. मनगट जवळजवळ बंद होते. युरोपीय वस्ताद शिष्याला आयुष्यभर शिकवतो ते बोटांचे आणि मनगटाचे काम. पट्टेकऱ्याला ते वर्ज्यच. त्याचा वार खांद्यातून, कमरेतून आणि पायातून येतो. म्हणून पट्ट्याच्या शिक्षणात आधी पवित्रा, नंतर हात.

दुसरा भेद याहून मोठा आहे. युरोपीय द्वंद्व एका रेषेवर चालते. समोर एकच माणूस, मागे-पुढे सरकायचे, आणि आजची स्पर्धेची पट्टी १४ मीटर लांब व जेमतेम दीड-दोन मीटर रुंद. पट्टेकरी मात्र स्वतःभोवती वर्तुळ आखतो, कारण त्याला चहूबाजूंनी घेरलेले असल्याचे गृहीत आहे. मराठी मनातली पट्ट्याची चित्रे आठवावीत. १६६० ची घोडखिंड असो वा १६६५ चा पुरंदर, एकटा माणूस आणि भोवती गर्दी. प्रतापगडावर सय्यद बंडाचा हात उडवणाऱ्या जिवा महालाचा प्रसंग तेवढा रेषेवरचा. तोही क्षणार्धात संपलेला.

मग इथे दोघांत, नियमाने, न मारता खेळायची तलवार नव्हतीच काय? होती, आणि तिची आज सर्वांत कमी आठवण काढली जाते. तिचे नाव फरीगदगा. गदगा म्हणजे कातडे मढवलेली काठी, तलवारीच्या जागी; फरी म्हणजे लहानशी ढाल. जोडीदार समोरासमोर उभे राहतात, मार नेमून दिलेले असतात, आणि ज्याचा मार लागेल त्याची सरशी. त्या मारांना नावे आहेत : शिर, तमाचा, बाहेरा वगैरे. इटालियन सेबरच्या जुन्या शाळेतही मारांची अशीच यादी असे : डोके, गाल, कूस, छाती. गालावरच्या माराला एकीकडे 'तमाचा' म्हटले गेले आणि दुसरीकडे 'ग्वांचा'. दोघांनी एकमेकांचे पाहून ही नावे ठेवली नाहीत. माणसाच्या देहावर तलवारीने मारण्याच्या जागाच मोजक्या आहेत.

फेन्सिंगला 'परदेशी' आणि पट्ट्याला 'आपले' म्हणून जी झटपट वाटणी केली जाते ती इथे डळमळते. इतिहास उलटसुलट आहे. सरळ पाते पश्चिमेकडून कोकणात आले आणि मराठ्यांनी ते धारेने चालवले. वक्र तलवार पूर्वेकडून, तुर्क आणि मध्य आशियाई घोडेस्वारांमार्फत, हंगेरीत गेली आणि तिचा 'सेबर' झाला. मिलानचे जुझेप्पे राडाएल्ली यांच्या परंपरेने तो हलका केला. १८९६ मध्ये इतालो सांतेल्ली बुडापेस्टला गेले, आणि पुढे १९२८ पासून १९६० पर्यंत प्रत्येक ऑलिम्पिकमध्ये सेबरचे सांघिक सुवर्ण हंगेरीकडे राहिले. ऑलिम्पिकच्या तिन्ही तलवारींपैकी धारेने मारता येतो असा सेबर एकटाच. फॉइल आणि एपे केवळ टोकाच्या. म्हणजे पट्टेकऱ्याच्या सर्वांत जवळची युरोपीय तलवार ती, जी मुळात युरोपची नव्हतीच.

किनाऱ्यावर मात्र या काळात तलवार खाली ठेवण्याचे पर्व चालले होते. १७६५ मध्ये इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेऊन त्याला 'फोर्ट ऑगस्टस' असे नाव दिले. किल्ला परत गेला, पण १८१२ च्या तहाने मालवण कोल्हापूरकरांकडून कायमचे इंग्रजांकडे आले. १८४४ मध्ये सामानगडावरून गडकऱ्यांचा उठाव पेटला. त्याची धग सावंतवाडीत पोहोचली, फोंड सावंतांच्या बाजूने मनोहर-मनसंतोषगड लढले आणि १८४५ च्या आरंभी पडले. पुढे १८७८ च्या कायद्याने परवान्यावाचून शस्त्र बाळगणेच गुन्हा ठरला.

पिढ्यान्‌पिढ्या हातात असलेली विद्या अशा वेळी काय करते? ती काठीवर जाते. पुण्यात लहुजी वस्ताद साळव्यांच्या तालमीत वासुदेव बळवंत फडके शिकले. बडोद्यात जुम्मादादांच्या आखाड्याची परंपरा माणिकरावांनी चालवली. तिथेच द. चिं. मुजुमदारांनी व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड सिद्ध केले आणि आखाड्यांत तोंडी चालत आलेले कितीतरी प्रथमच छापून ठेवले. कोल्हापूरच्या तालमींनी मर्दानी खेळ जगवला. किनारपट्टीवर मात्र अशा तालमींचे दाट जाळे नव्हते. तिथे तलवार वेगळ्याच जागी जाऊन बसली.

ती जागा म्हणजे देवळासमोरचा दशावताराचा मांड. जत्रांचा हंगाम सुरू झाला की दक्षिण कोकणात रात्रभर नाटके रंगतात. आधी संकासुराचा आडदशावतार, मग आख्यान, आणि आख्यानात राजा आणि राक्षसाची लढाई नसेल असे सहसा होत नाही. तलवारी लाकडाच्या, पण मृदंगाच्या ठेक्यावर पाऊल पडते, अंतर राखले जाते, वार येण्याआधी अंग वळते. जोडीदाराला लागू द्यायचे नाही आणि प्रेक्षकाला लागल्यासारखे वाटले पाहिजे. यात गुण नाहीत, हारजीत आधीच ठरलेली. अंतर आणि लय यांचे ज्ञान मात्र खरे आहे, आणि तलवारीच्या कोणत्याही खेळात निम्मी विद्या तीच असते.

१९३६ साल या साऱ्या कथेत मोठे विलक्षण आहे. त्या वर्षी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा चमू बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवून आला. त्याच ऑलिम्पिकमध्ये एपे या प्रकारात प्रथमच विजेवर चालणारे गुणयंत्र वापरले गेले. टोक लागले की दिवा. एका शहरात, एकाच उन्हाळ्यात एक परंपरा स्वतःला दाखवत होती आणि दुसरी स्वतःला मोजू लागली होती. पुढे फॉइलला १९५६ मध्ये आणि सेबरला १९९२ मध्ये ऑलिम्पिकमध्ये वीज मिळाली.

मोजल्या जाणाऱ्या या खेळात उतरणे म्हणजे काय, हे सेबरच्या एका गुणात कळते. मुखवट्याची जाळी डोळ्यांसमोर आली की बाजूचे जग पुसट होते आणि स्वतःचा श्वास मोठा ऐकू येतो. गुडघे वाकलेले, मागचा हात मागे. पंच फ्रेंचमध्ये तीन हुकूम देतो : 'आँ गार्द', 'प्रे', 'आले'. (मराठी कानाला शेवटचा हुकूम शत्रूची वर्दी दिल्यासारखा ऐकू येतो, आणि ते फार चुकीचेही नाही.) कमरेच्या वर, हाताचे पंजे सोडून, कुठेही धार वा टोक टेकले की गुण. बहुतेक गुण दोन-तीन सेकंदांत संपतात. पाऊल ओलांडून पुढे धावायला मनाई आहे. म्हणून मांड्या पेटतात, आणि पहिल्या महिन्यांत शिष्याला तलवारीपेक्षा पावलेच अधिक घोटावी लागतात. पट्टेकऱ्याचा पवित्राच तो, फक्त वर्तुळाऐवजी रेषेवर. दोघांचे दिवे एकदम लागले तर यंत्र गप्प बसते. हल्ला कोणाचा आधी होता, हे माणूसच सांगतो. वस्तादाच्या डोळ्याला इतक्या विजेनंतरही पर्याय सापडलेला नाही.

भयही गेलेले नाही. १९८२ मध्ये रोमच्या जागतिक स्पर्धेत ऑलिम्पिक विजेता व्लादिमीर स्मिर्नोव्ह प्रतिस्पर्ध्याचे मोडलेले पाते मुखवट्यातून आत शिरून मरण पावला. त्यानंतर पात्यांचे पोलाद, मुखवटे आणि अंगरखे यांचे नियम कडक झाले. म्हणूनच हा खेळ महाग आहे.

भारतीय तलवारबाजी महासंघ १९७४ मध्ये स्थापन झाला. ऑलिम्पिकला पोहोचायला आणखी ४७ वर्षे लागली. टोकियोत, जुलै २०२१ मध्ये, पट्टीवर उतरलेली पहिली भारतीय चेन्नईची भवानी देवी, हत्यार सेबर. पहिली लढत तिने १५-३ अशी जिंकली, दुसरी फ्रान्सच्या मानों ब्रुनेकडून ७-१५ अशी गमावली. नाव 'भवानी' आणि हातात तलवार, हा योगायोग मराठी माणसाच्या नजरेतून सुटणे शक्यच नव्हते. त्याहून मोलाची गोष्ट दुसरी : सुरुवातीच्या दिवसांत ती सरावाला बांबूच्या काठ्या वापरी, कारण विजेची तलवार परवडणारी नव्हती आणि ती स्पर्धेसाठी राखून ठेवावी लागे. गदगा हातात घेणाऱ्या प्रत्येक शिष्याला हे ऐकून घरचे काही ऐकल्यासारखे वाटेल. २०२३ मध्ये वूशीच्या आशियाई स्पर्धेत तिने विश्वविजेत्या मिसाकी एमुराला १५-१० असे हरवले आणि कांस्यपदक आणले. या स्पर्धेतले ते भारताचे पहिले पदक.

इथे एक व्यवहाराची बाब येते, आणि किनाऱ्यावरच्या घरांत ती इतिहासाहून जड ठरते. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. ते मिळते ते मान्यताप्राप्त खेळाच्या स्पर्धेतल्या यशाच्या प्रमाणपत्रावर. सेबर खेळणाऱ्या मुलीला ते प्रमाणपत्र मिळू शकते. शिवजयंतीच्या मिरवणुकीत तळहातावरचे लिंबू पट्ट्याने अचूक चिरणाऱ्या मुलीला टाळ्या मिळतात. दोघींची मेहनत सारखी असेल. दुसरीच्या विद्येत कदाचित चारशे वर्षे जास्त असतील. परंतु प्रात्यक्षिकाला गुणपत्रक नसते.

हे अटळ होते असेही नाही. हरियाणात जून २०२२ मध्ये झालेल्या 'खेलो इंडिया' युवा स्पर्धेत पाच देशी खेळांना स्थान मिळाले : कलारीपयट्टू, थांग-ता, मल्लखांब, योगासन आणि गतका. पंजाबच्या गतक्यातही एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात लहान ढाल असते. ती काठी म्हणजे गतका; ढालीला तिथेही 'फरी' म्हणतात.