निष्कलंक शब्दातला कलंक

शासकीय सेवेत असताना निरोपसमारंभांची असंख्य भाषणे ऐकली आणि काही स्वतःही केली. 'निष्कलंक सेवा' हा शब्दप्रयोग त्यांत ठरलेला असे. इंग्रजीतून बोलणारे वक्ते 'इमॅक्युलेट' म्हणत. त्यातला नकार काढला की उरतो 'मॅक्युलेट', म्हणजे ठिपकेदार किंवा डागाळलेला. नकारार्थी शब्द सर्वांच्या तोंडी आहे. मूळ शब्द मात्र कोशात पडून आहे.

दोन्हींचे मूळ लॅटिन 'माकुला' हे होय. तिचे अर्थ ठिपका, डाग आणि जाळ्याचे भोक. पंधराव्या शतकात हे शब्द इंग्रजीत आले. शेक्सपिअरच्या 1598 मध्ये छापलेल्या 'लव्हज लेबर्स लॉस्ट'मध्ये 'मॅक्युलेट' मलिन विचारांसाठी येतो, तर एलियटने 1918च्या एका कवितेत तो जिराफाला लावला. एकाच शब्दात दोष आणि नुसती खूण असे दोन अर्थ नांदतात ते असे.

शास्त्रज्ञांनी त्यातली खूण तेवढी घेतली. लिनियसने 1753 मध्ये हेमलॉकला 'कोनियम मॅक्युलाटम' हे नाव दिले ते त्याच्या देठावरच्या जांभळ्या ठिपक्यांमुळे. सॉक्रेटिसाला दिलेले विष याच वनस्पतीचे मानतात. येथे डाग हा ओळखणाऱ्याला सावध करणारा इशारा आहे.

धर्मशास्त्राने दुसरा अर्थ उचलला. मारिया मातेचा गर्भसंभव आदिपापाच्या डागाविना झाला, हे तत्त्व पोप नववे पायस यांनी 8 डिसेंबर 1854 रोजी अधिकृतपणे जाहीर केले. पण पणजीच्या टेकडीवरचे त्याच नावाचे चर्च त्याआधीच्या शतकांतले आहे, आणि पोर्तुगालच्या राजाने 1646 मध्येच या मातेला राष्ट्राची रक्षणकर्ती मानले होते. लोकांची श्रद्धा आधी, शासननिर्णय मागाहून, हा क्रम आम्हां कारकुनी पेशाच्या माणसांना अपरिचित नाही! पोर्तुगीज भाषेत तर 'माकुला'पासून डागाला 'मांशा', जाळीच्या विणीला 'माल्या' आणि मनातल्या सलाला 'मागुआ' असे तीन शब्द झाले. डाग कापडावरून काळजापर्यंत पोहोचला.

आपल्याकडे या दोन अर्थांसाठी शब्दच वेगळे आहेत. संस्कृत 'चित्र' म्हणजे रंगीबेरंगी, ठिपकेदार. त्या कुळातले चितळ, चित्ता आणि चिटाचे कापड. इंग्रजांनी त्यांतला चित्ता व चीट उचलून नेले. या शब्दांत दूषणाचा लवलेश नाही. दूषण राहिले ते 'कलंका'कडे.

माझ्या निरोपसमारंभातही 'निष्कलंक' म्हटले गेले आणि मी ओशाळलो. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात माझ्या गोपनीय अहवालात 'कामात विलंब' असा प्रतिकूल शेरा पडला होता. एका जमिनीच्या प्रकरणात कागदावर विसंबून सही न करता मी जागेवर जाऊन पाहून आलो, त्यात तीन आठवडे गेले. शेरा खोटा नव्हता. पण जागेवर गेलो नसतो तर जमीन भलत्याच्याच नावे लागली असती.

अलीकडे नेत्रतज्ज्ञांनी माझ्या डोळ्यांतील पडदा तपासताना 'मॅक्युला' हा शब्द उच्चारला. मराठीत त्यास पीतबिंदू म्हणतात. जेमतेम साडेपाच मिलिमीटरांचा हा पिवळसर डाग. पण बारीक अक्षरे वाचावीत, समोरचा चेहरा ओळखावा, ते याच्याच जोरावर. तो बिघडला की दृष्टीचा मध्यच हरपतो.

तेव्हापासून त्या जुन्या शेऱ्याविषयी मला संकोच वाटत नाही. माझ्या सेवेतला तोच एक ठिपका असा आहे की ज्यातून मला त्या प्रकरणातले खरे दिसले होते.