रेशमाच्या धाग्याचं देणं

२ फेब्रुवारी १९७० ची सकाळ. अमेरिकेच्या मोंटाना राज्यातल्या माल्मस्ट्रॉम तळावरून ७१ व्या स्क्वाड्रनची एफ-१०६ विमानं लुटुपुटूच्या हवाई लढाईसाठी उडाली. सरावच होता, पण कॅप्टन गॅरी फाउस्ट यांचं विमान अचानक सपाट गिरक्या घेत खाली येऊ लागलं. या गिरकीतून विमान सहसा बाहेर पडत नाही. फाउस्ट यांनी ठरलेले सगळे उपाय करून पाहिले. पंधरा हजार फुटांच्या आसपास मात्र त्यांनी वैमानिकाला विमानाबाहेर फेकणाऱ्या इजेक्शन सीटची कळ ओढली.

ते बाहेर पडले आणि विमानाचा तोल बदलला. गिरकी थांबली. वैमानिकाविना विमान सरळ झालं आणि बिग सँडी गावाजवळच्या बर्फाच्छादित शेतात पोटावर अलगद उतरलं. इंजिन चालूच होतं. विमान हळूहळू सरकत राहिलं, आणि स्थानिक शेरीफनं तळाशी संपर्क साधून, इंधन संपेपर्यंत पावणेदोन तास वाट पाहिली. डागडुजी होऊन ते पुन्हा हवाई दलात उडू लागलं. ‘कॉर्नफिल्ड बॉम्बर’ या टोपणनावाचं ते विमान आता ओहायोतल्या डेटन शहरी, हवाई दलाच्या संग्रहालयात उभं आहे.

डेटनमध्येच ते असणं समर्पक आहे. वैमानिक आणि विमान यांची ताटातूट झाली तर मोल कुणाचं जास्त, या प्रश्नाचं उत्तर याच शहरात एका प्रथेचं रूप घेऊन आलं होतं.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश विमानांच्या वैमानिकांना पॅराशूट मिळालीच नाहीत. फुग्यांतून टेहळणी करणाऱ्यांना ती मिळत. विमानाला आग लागलेल्या तरुणापुढे मात्र दोनच वाटा उरत, जळणं किंवा उडी टाकणं. युद्ध संपल्यावर, २८ एप्रिल १९१९ रोजी, डेटनच्या मॅककुक फील्डवर लेस्ली आयर्विन यांनी स्वतःच्या हातानं उघडायचं पॅराशूट घेऊन उडी मारली. घोटा मोडला, पण पॅराशूट उघडलं. तीन वर्षांनी, २० ऑक्टोबर १९२२ रोजी, याच तळावरून उडालेल्या लेफ्टनंट हॅरोल्ड हॅरिस यांचं विमान हवेतच मोडू लागलं. ते बाहेर पडले आणि शहरातल्या एका परसातल्या द्राक्षांच्या मांडवावर येऊन उतरले.

त्यातूनच ‘कॅटरपिलर क्लब’ निघाला. कॅटरपिलर म्हणजे सुरवंट. तेव्हाची पॅराशूटं रेशमाची असत आणि रेशीम देणाराही सुरवंटच. स्वतःच कातलेल्या धाग्याला लोंबकळत तो खाली येतो, तसाच हा वैमानिक. संकटात उडी टाकून जीव वाचवणाऱ्याला आयर्विन यांची कंपनी सोन्याची चिमुकली सुरवंट-पिन देऊ लागली. हौसेनं मारलेली उडी चालत नसे. विमान सोडण्यावाचून गत्यंतर नसलं, तरच पिन.

प्रशिक्षणार्थीही या यादीत लवकरच आले. ५ मार्च १९२५ रोजी टेक्सासमधल्या केली फील्डवर कॅडेट नऊ विमानांच्या रचनेतून हल्ल्याचा सराव करत होते. त्यात दोन एसई-५ विमानं हवेत एकमेकांत अडकली. दोघेही वैमानिक पॅराशूटनं उतरले आणि तासाभरात दोघांनाही दुसऱ्या विमानांतून पुन्हा वर पाठवण्यात आलं. भीती अंगात मुरण्याआधी आकाशाशी पुन्हा ओळख करून द्यायची, ही तिथली रीत. त्या दोघांतला एक होता चार्ल्स लिंडबर्ग. नंतर अटलांटिक एकट्यानं पार करून जगप्रसिद्ध झालेल्या लिंडबर्गनं आयुष्यात चार वेळा अशी उडी टाकली. या माणसाला विमान टाकून आल्याबद्दल कुणी भेकड म्हटलं असतं, तर केवढं नुकसान झालं असतं!

पुढे अशा मंडळांची मालिकाच सुरू झाली. १९४२ मध्ये समुद्रात कोसळून वाचलेल्यांसाठी ब्रिटनमध्ये ‘गोल्डफिश क्लब’ निघाला. युद्धकाळात कापड मिळेना, म्हणून पंख असलेल्या माशाचं बोधचिन्ह मेजवानीच्या जुन्या सुटांच्या काळ्या कापडावर भरलं जाई. गणवेशावर ते लावायला परवानगी नव्हती. वैमानिक ते खिशाच्या झाकणाखाली शिवून घेत. त्याच वर्षी ब्रिटिश विमान-अभियंते जेम्स मार्टिन यांचे भागीदार व्हॅलेंटाइन बेकर चाचणी-उड्डाणात गेले. ते दुःख मार्टिन यांना इजेक्शन सीटकडे घेऊन गेलं. त्यांच्या सीटमुळे वाचलेल्यांना १९५७ पासून मार्टिन-बेकर कंपनीकडून खास टाय मिळतो.

शिर सलामत तर पगडी पचास, हे आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या म्हणत आले आहेत. भारतीय हवाई दलाच्या नवशिक्या कॅडेटांना ज्या विमानावर पहिले धडे मिळत, त्या एचपीटी-३२ ‘दीपक’मध्ये मात्र इजेक्शन सीट नव्हती. एकच इंजिन, आणि ते हवेत बंद पडण्याची खोड. सतरा अपघात झाले, एकोणीस वैमानिक गेले. जुलै २००९ मध्ये मेदक जिल्ह्यात दोन प्रशिक्षक गेले, तेव्हा ही विमानं जमिनीवर आणली गेली.

पुढच्या पायरीवरही खड्डा होताच. किरण या प्रशिक्षक जेट विमानावर शिकलेला मुलगा थेट ताशी तीनशे किलोमीटरहून अधिक वेगानं उतरणाऱ्या मिग-२१ वर जाई. मधली पायरी म्हणून प्रगत जेट प्रशिक्षक विमान हवं, हे ला फाँटेन समितीनं १९८२ मध्येच सांगितलं होतं. त्यासाठी हॉक विमानांचा करार व्हायला २००४ उजाडलं आणि ती बिदरला दाखल झाली २००८ मध्ये. दरम्यान सप्टेंबर २००१ मध्ये सुरतगडहून रात्री उडालेल्या मिग-२१ च्या अपघातात फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ गेले. त्यांच्या आई कविता गाडगीळ यांनी मिग-अपघातांचा प्रश्न देशभर नेला. त्यांनी आणि स्वतः वैमानिक असलेल्या त्यांच्या पतीनं पुण्यात तरुण वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी मुलाच्या नावानं ‘जीत’ ही संस्था उभी केली. मुलाचं जाणं पोटात घालून दुसऱ्यांच्या मुलांसाठी उभं राहायला केवढं धैर्य लागलं असेल!

‘दीपक’च्या जागी मे २०१३ मध्ये हैदराबादजवळच्या दुंडिगलच्या हवाई दल अकादमीत स्विस बनावटीची पिलाटस विमानं दाखल झाली. पहिल्याच उड्डाणाला निघालेला कॅडेट आता मार्टिन-बेकरच्या सीटवर पट्टे आवळून बसतो.